दीड हातावरची खिडकी

एकाच ऑफिसात वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे राहतातच. रामघाटाच्या पायऱ्यांवर आम्ही चार रिटायर्ड मित्र संध्याकाळी बसतो, आणि कोणी ना कोणी म्हणतंच, "वसंतराव, तुमच्या आठल्येसाहेबांचं काहीतरी होऊन जाऊ द्या!" मी सांगतो, सगळे हसतात. एक किस्सा मात्र मी आजवर गिळत आलोय. आज तोही सांगतो, पण क्रमाने.

आठल्येसाहेब आर्किटेक्ट, मी त्यांचा ड्राफ्ट्समन. ऑफिस इथेच गल्लीत, वेदपाठशाळेच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली रुद्राची आवर्तनं चालू आणि वर आम्ही कोणाचं तरी बाथरूम काढतोय! स्वातंत्र्य मिळालं होतं, गल्ल्यांतल्या श्रीमंतांना मोकळी हवा हवीशी झाली होती. शहराबाहेर एक मोठा पोखरा होता, इकडच्या हिंदीत पोखरा म्हणजे आपलं तळं. त्याच्या काठी प्लॉट पडले आणि बघता बघता दहा-बारा बंगले उभे राहिले. बहुतेक सगळे साहेबांचे.

*

तेव्हा ट्रेसिंगवर काळ्या शाईने ड्रॉइंग काढायचं. रेघ चुकली की दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घ्यायचा आणि हलक्या हाताने खरवडायची. सगळं जग असंच करायचं, आमच्या ऑफिसात मात्र ब्लेडला बंदी.

एकदा मी जिन्याला एक पायरी जास्त काढली आणि साहेब जेवायला गेलेले बघून गुपचूप खरवडली. आल्या आल्या त्यांनी कागद खिडकीपाशी उजेडात धरला.

"वसंता, खरवडलेली चूक दिसत नाही, पण राहते. नवा कागद घे."

एका पायरीसाठी तीन दिवस अख्खी शीट पुन्हा काढली. मनातल्या मनात साहेबांना काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

*

पहिला बंगला एका साडीवाल्या सेठजींचा. साहेब साइटवर गेले, खाट मागवली आणि सकाळपासून पोखऱ्याकडे बघत बसले. मध्ये दोनदा पान खाल्लं, एकदा डोळा लागला. सेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ई साहब नक्शा बनइहैं कि हवा खाए आए हैं?"

ऊन कलल्यावर साहेब उठले आणि काठीने मातीत रेघा ओढल्या. बैठकीची खिडकी पाण्याकडे, चांगली सहा फूट रुंद. सेठजी घाबरले. एवढ्या खिडकीतून चोर शिरेल म्हणाले.

साहेब शांतपणे म्हणाले, "चोर भी तनी पोखरा देख लेगा, सेठजी."

खिडकी झाली. चोर आल्याचं मी कधी ऐकलं नाही, सेठजी मात्र दुकान मुलांवर टाकून तिथेच बसायला लागले.

*

बंगल्यांच्या दोन रांगा होत्या, एक काठावर आणि एक मागे. साहेब पुढचं प्रत्येक घर थोडं सरकवायचे, म्हणजे मागच्याला मधल्या फटीतून पाणी दिसायचं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. पुढचे एक वकीलसाहेब अडून बसले, घर प्लॉटच्या मधोमधच पाहिजे म्हणून. साहेबांनी वाद घातला नाही. त्यांना मागच्या बाईंच्या घरी चहाला नेलं आणि पाण्याकडे तोंड करून बसवलं. कप रिकामा झाल्यावर वकीलसाहेब पुटपुटले, "कितना खिसकाना है?"

सगळे तसे नव्हते, पण बहुतेक ऐकायचे.

*

स्वतःसाठी साहेबांनी मागच्या रांगेतला, वकीलसाहेबांच्या मागे त्या बाईंच्या शेजारचा, सगळ्यात लहान प्लॉट घेतला, तोही सगळ्यांत शेवटी. तो वहिनींसाठी. वहिनींचा जन्म गेला रामघाटाच्या गल्लीत, भरदिवसा दिवा लावून स्वयंपाक करण्यात. ओट्याशी उभं राहून रांधणं त्यांना जमेना, शेगडी खाली ठेवून पाटावर बसायच्या. म्हणून साहेबांनी स्वयंपाकघराची खिडकी जमिनीपासून फक्त दीड हातावर काढली.

गवंड्याला वाटलं, नकाशा चुकला. त्याने आपल्या अकलेने ती वर घेतली. एरवी आवाज न चढवणाऱ्या साहेबांनी ती भिंत समोर उभं राहून पाडून घेतली.

पहिल्या दिवशी वहिनी पाटावर बसल्या, बाहेर फटीतलं पाणी बघितलं आणि कणीक तशीच राहिली. त्या दिवशी आम्ही पोळ्या चार वाजता खाल्ल्या!

*

पुढे मी वेगळा झालो. माझ्या नावाची पाटी, माझं टेबल. पहिलाच क्लायंट आला तो वकीलसाहेबांचा मुलगा. वडील गेले होते, बंगला पाडून त्याला तीन मजली गेस्ट हाउस हवं होतं, कडेपासून कडेपर्यंत.

त्या प्लॉटच्या मागे कोणाचं घर आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वहिनींची ती खिडकी मीच शाईने काढली होती. नियमात बसत होतं. मी नाही काढलं तर दुसरा काढेल, अशी स्वतःची समजूत घातली. त्याला एकदा साहेबांकडे चहाला नेता आलं असतं. नेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि आता वाटून उपयोग नाही.

*

गेस्ट हाउसचा दुसरा मजला चढला तेव्हा साहेबांचा निरोप आला, येऊन जा. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो. साहेब बरेच थकले होते. त्यांनी माझी, मुलांची, ऑफिसची चौकशी केली. समोरच्या बांधकामाबद्दल अक्षर नाही.

आतून वहिनींचा आवाज आला, "वसंता, चाय ठेवते रे. अंधेरा पडला का बाहेर?"

दुपारचे तीन वाजले होते.

साहेबांनी टेबलावर त्यांच्या घराचं जुनं ड्रॉइंग पसरलं. माझ्याच हातचं. म्हणाले, सिमेंटची धूळ फार यायला लागली, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी परवा विटांनी बुजवून घेतली. नकाशात ती अजून आहे, नकाशा घराशी जुळला पाहिजे.

मी म्हटलं, "साहेब, उद्या नव्या कागदावर काढून आणतो."

साहेब उठले. दाढीच्या डब्यातून ब्लेडचा अर्धा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"नवा कागद नको. खरवड."