मामांची बारा चितळं

चितळाबद्दल माझ्या बायकोच्या मामांना जेवढे ठाऊक होते, तेवढे खुद्द चितळांनाही ठाऊक नसेल. इस्रायलमधल्या येरुहामच्या वाळवंटात हरणाला गवताची काडी मिळायची मारामार, आणि हे गृहस्थ कारखान्यात खोकी उचलता उचलता चितळाचे गुणगान करीत. पाडसाचे ठिपके मोठेपणी जातात असे कुणी म्हटले की खवळत. "चितळ म्हातारं होईल, पण ठिपका एक पुसायचा नाही!" वानरांनी टाकलेला पाला टिपायला चितळं झाडाखाली कशी जमतात, शंका आली की पुढचा पाय कशी आपटतात, हे सारे ते उभे राहून करून दाखवीत. एकदा बेरशेबाच्या बसमध्ये त्यांनी चितळाची धोक्याची शीळ अशी काही घातली की ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि उतरून सगळे टायर तपासले. दांडेलीच्या जंगलात, लाकडाच्या वखारीवर कारकुनी करताना आपण बारा चितळं लोळवली, हे त्यांचे कायमचे वाक्य. शिंगे कुठे आहेत विचारले तर म्हणत, "इकडे येताना बोटीवर शिंगं कोण घेतंय?"

त्रेसष्ट साली त्यांच्या मुलीचे, रिव्काचे, लग्न ठरले. आम्हा हिंदुस्थानातून आलेल्या ज्यूंचा धर्म पक्का आहे की नाही, याची त्या दिवसांत लग्नाआधी कसून चौकशी होई. मामांचे हिब्रू 'शालोम' या नमस्कारापुढे जात नसे, म्हणून रब्बींपुढे, म्हणजे धर्मगुरूंपुढे, दुभाषा मी. तिकडे जाताना बसमध्ये मला एकदम आठवले. गोळीने मेलेले जनावर काजीच्या, म्हणजे आमच्यात धर्माप्रमाणे जनावर कापणाऱ्याच्या, सुरीखाली गेलेले नसते, ते आम्हाला खायला निषिद्ध. हा मनुष्य तिथे बारा चितळं मोजून दाखवणार आणि पोरीचे लग्न मोडणार!

"मामा, पाया पडतो, चितळाचं नाव काढू नका."

"मी कशाला काढतोय?" मामा म्हणाले. मला काडीचाही भरवसा वाटला नाही.

रब्बींनी विचारले, "जंगलात काजी नव्हता, मग मांस कुठले खात होता?"

"सांग त्यांना, भात नि मासळी खाल्ली."

"जंगलात राहून शिकार केली नाहीत?"

बापाच्या बारा चितळांवर लहानाची मोठी झालेली रिव्का पांढरीफटक पडली. मी प्रश्न मराठीत सांगितला.

"एकदाच गेलो होतो," मामा म्हणाले. "तीस पावलांवर उभं होतं. मान वर, पांढरा गळा दिसत होता. बंदूक खांद्याला लावली नि मनात आलं, हे आपल्याला खायला चालायचं नाही. मग उगाच जीव कशाला घ्यायचा? खाली ठेवली."

"म्हणजे किती मारलीत?" मी विचारले.

"एकही नाही." हे त्यांनी जमिनीकडे बघून सांगितले, मुलीकडे नाही.

मी ते शब्दाला शब्द हिब्रूत सांगितले. रब्बींनी कागदावर शिक्का मारला.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले. मी त्यांच्यावर उगीच अविश्वास दाखवला होता, याची मला फार लाज वाटली. बऱ्याच वेळाने रिव्काने बापाचा हात धरला.

"अबा, बेवकाशा, एवढं कर, ती चितळाची शीळ घाल ना."

मामांनी घातली, पण इतकी हळू, की ड्रायव्हरला ऐकूसुद्धा गेली नाही.