पोर्टमधला खार

आधार बिऱ्हाडे हा माणूस मला कधीच आवडला नाही. जळगावातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, कोपऱ्यातल्या टेबलावर तो नऊ वर्षं दुरुस्तीला बसला आणि एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलला नाही. मूळचा धरणगावचा. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. हा आयटीआय करून आधी रेडिओ, मग टीव्ही, मग राउटर असा आलेला. चष्मा कपाळावर, तोंड वाकडं. मी चहा पाजून माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत आणावा आणि यानं कोपऱ्यातून म्हणावं, "इतलं महाग कसाले लेतस, भाऊ?" असल्या माणसाला ठेवून घेतलं, हा माझाच मूर्खपणा.

गेमिंग राउटर तर त्याच्या डोक्यातच जायचा. मृणाली नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं मार्चमध्ये माझ्याकडून एक घेतला. ती ऑनलाइन गेमच्या स्पर्धा खेळते. राउटर म्हणजे पाय वर करून पडलेला काळा खेकडा. आठ अँटेना, अंगावर लाल रेघा, आतली गरमी बाहेर पडावी म्हणून वर-खाली चिरांची जाळी. मागे इंटरनेटच्या वायरचा एक पोर्ट आणि शेजारी चार. त्या चारांतला एक लाल चौकटीचा, खास गेमसाठी. त्यात जोडलेल्या कॉम्प्युटरला आधी वाट मिळते. असलं काही विकताना मला फार बरं वाटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृणाली तो घेऊन तणतणत आली. लाल पोर्ट मेला होता, बाकीचे येत-जात होते.

"ऐन स्पर्धेत बंद पडला. तीन महिन्यांत! बदलून द्या."

वॉरंटी होती. आधारनं अर्जावर 'कारखान्यातला दोष' एवढं लिहिलं की कंपनी नवा देणार, भांडण मिटणार. दोन शब्दांचं काम.

त्यानं पोर्टमध्ये टॉर्च मारली. पोर्टच्या आत आठ सोनेरी पिना असतात. लाल पोर्टच्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. या गृहस्थानं टाचणीनं तो पांढरा थर खरवडला आणि गिऱ्हाइकाच्या देखत चक्क जिभेवर ठेवला. मला किळस आली.

"खारं शे," तो म्हणाला. "कुलरनं पानी. बठ्ठ्या पिना खाई टाक्यात."

मी त्याला आत ओढलं आणि दबक्या आवाजात बजावलं, कारखान्यातला दोष लिही, नाहीतर उद्यापासून ते टेबल तुझं नाही.

"मी जे दखं तेच लिखसू, शेठ."

एवढं म्हणून तो बाहेर गेला आणि त्यानं मृणालीला विचारलं, "कुलरना म्होरे ठेवाले कोन्ही सांगं तुले, बेटा?"

तिनं सरळ माझ्याकडे बोट केलं. "यांनीच! मी म्हटलं, फार तापतो. तर म्हणाले, कुलरसमोर ठेव, थंडगार राहील."

खरं होतं. एप्रिलात पारा पंचेचाळीसला टेकलेला, तिचे रोज फोन. कटकट टळावी म्हणून मी बोलून गेलो होतो. कुलरच्या वाऱ्याबरोबर बोरिंगच्या खाऱ्या पाण्याचे तुषार त्या जाळीतून आत जातील, हे राउटर विकणाऱ्या माणसाला सुचलं नाही. लाज वाटायला हवी होती. मला राग आला, आणि तोही आधारचाच.

अर्ज पुढे ओढून त्यानं लिहिलं, 'कुलरचं पाणी. दुकानदाराच्या सल्ल्यानं.' मग सोल्डरिंग आयर्नची वायर गुंडाळली, टॉर्च आणि जेवणाचा डबा पिशवीत टाकला. मी थांब म्हणालो नाही.

"काका, आता तुम्ही कुठे बसाल?" मृणालीनं विचारलं.

"दखसू," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. तीही मला पंधरा दिवसांची मुदत देऊन, राउटर टेबलावर आपटून गेली.

दुकान रिकामं झाल्यावर मी तो अर्ज फाडला. नव्या अर्जावर माझ्या हातानं 'कारखान्यातला दोष' लिहिलं. खाली तपासणाऱ्याचं नाव आणि सही लागते. दुकानदाराची चालत नाही. मी आधारचं नाव घातलं आणि त्याची सहीही ठोकली. नऊ वर्षं रोज पाहिली होती, एका झटक्यात जमली.

अकराव्या दिवशी नवा राउटर आला. कंपनीनं एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आधार बिऱ्हाडेच्या सहीवर तिनं आजवर कधी विचारलाच नव्हता.