आमच्या वरच्या मजल्यावरचा मिडफिल्डर

भाडेकरू घर सोडतात तेव्हा सगळं आठवणीने नेतात. पडदे, कुंड्या, भिंतीतले खिळेसुद्धा! किस्से तेवढे मागे राहतात. आमच्या नगरच्या घरात वरच्या मजल्यावर तीन वर्षं एक जर्मन कुटुंब राहिलं. साहेब एमआयडीसीत इंजिनिअर, बायको बिर्गिट आणि सात वर्षांचा मुलगा मोरिट्झ. त्याचा आम्ही पहिल्याच आठवड्यात मोऱ्या केला. आता तो बावीस-तेवीस वर्षांचा आहे, जर्मनीत फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मिडफिल्डर म्हणून खेळतो. अजूनही आमच्याकडे दोन माणसं जमली की तिसरं वाक्य मोऱ्याचं असतं. यातलं खरं किती आणि आईने फोडणी दिलेलं किती, ते मला विचारू नका. मी चार वर्षांच्या मुलीची आई आहे. गॅस बंद केला की नाही हेसुद्धा मला खात्रीने सांगता येत नाही.

*

घरामागे मोकळा प्लॉट होता. आता तिथे फ्लॅट झालेत आणि आमच्या पिचवर गाड्या लागतात. माझा भाऊ मंदार तिथला कायमचा कॅप्टन. मोऱ्याला क्रिकेट काही कळेना. बॅट हातात दिली तरी तो बॉलला लाथच मारायचा! शेवटी मंदारने निकाल दिला, "हा कच्चा लिंबू!" म्हणजे आऊट नाही, स्वतःची टीम नाही आणि फिल्डिंग मात्र दोन्ही बाजूंनी. मोऱ्या मधोमध उभा राहून दोन्ही टीमसाठी जीव तोडून पळायचा.

पुढे तिकडच्या एका गावपेपरवाल्याने त्याला विचारलं, "तू मिडफिल्डलाच कसा आलास?"

मोऱ्या म्हणाला, "इंडियात मला दोन्ही टीमकडून पळायला लावायचे. तेव्हापासून मधे उभं राहायची सवय लागली!"

मंदारने ते कात्रण लॅमिनेट करून स्वतःच्या दुकानात लावलंय. कुणी विचारलं की सांगतो, "पहिला कोच मीच!"

*

बॉल शेजारच्या शैलाकाकूंच्या कंपाउंडमध्ये गेला की परत येत नसे. काकू मूळच्या खर्ड्याच्या. किल्ल्याच्या गावची बाई. त्यांच्या फाटकातून कुणी काही जिंकून आणलं नव्हतं. एकदा आम्ही मोऱ्याला पुढे केलं. त्याला तोवर माझ्या आईने शिकवलेलं एकच मराठी वाक्य येत होतं. तो फाटकाशी जाऊन म्हणाला, "काकू, जेवलात का?"

काकू आत गेल्या आणि पदरात पाच-सहा बॉल घेऊन बाहेर आल्या.

"घिऊन जा रं बाळा. माझ्या पोटच्या पोरांनी बी मला आजवर असं इचारलं न्हाई!"

*

तिकडे परत गेल्यावर काही वर्षांनी मोऱ्या क्लबच्या होस्टेलवर राहायला गेला. बिर्गिट व्हिडिओ कॉलवर रडली आणि इकडे आईने डिंक आणायला माणूस पिटाळला. डिंकाच्या लाडवांचा डबा होस्टेलवर पोचला आणि थेट डाएटिशियनच्या हातात पडला. त्याने बिर्गिटला फोन लावला, "यात काय आहे?"

तिने सांगितलं. खारीक, खोबरं, तूप, झाडाचा चीक.

"इंडियात खेळाडू हे खातात?"

बिर्गिट पडली खरं बोलणारी. म्हणाली, "नाही. बाळंतिणी."

डबा जप्त! आठवड्याने तो मोऱ्याला परत मिळाला. रिकामा.

*

त्याची पहिली सीनियर मॅच आम्ही टीव्हीवर लावली. शैलाकाकू भिजवलेली कणीक तशीच टाकून आल्या. मोऱ्या मैदानात आला तो शेवटच्या दोन मिनिटांसाठी. बॉल एकदाच त्याच्या पायाला लागला, त्याने तो शेजारच्याला दिला आणि संपलं! काकू उठल्या. "याच्यापरीस आमच्या कुकरची शिट्टी जास्त येळ चालती!"

आईने अभिनंदनाचा फोन केला, तर बिर्गिट तळघरात इस्त्री करत होती. "मी बघत नाही, ताई. कुणी त्याला पाडलं तर?" मुलाची एकही मॅच तिने कधी बघितली नव्हती! सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. बागेतल्या घसरगुंडीखाली दोन्ही हात पसरून उभी राहणारी आई मी, कोणत्या तोंडाने हसू?

मग आईने तोडगा काढला. मॅच सुरू झाली की मोबाईल टीव्हीला टेकवून आमच्याकडे तोंड करून ठेवायचा. बिर्गिट तिकडे इस्त्री करत आमचे चेहरे बघणार. आई हसली म्हणजे पास नीट गेला. काकूंनी पदर तोंडाला लावला म्हणजे तो पडला. आणि काकूंनी पदर खाली घेतला म्हणजे उठला!

व्यवस्था उत्तम होती. घोळ मी केला. पहिल्याच दिवशी माझी इरा सोफ्याच्या पाठीवर चढली आणि मी जिवाच्या आकांताने किंचाळले. तिकडे बिर्गिटच्या हातून नवऱ्याचा शर्ट जळाला. तेव्हापासून मला फ्रेमच्या बाहेर, दाराजवळ बसवतात.

*

मग मोऱ्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वर्षभर मैदान बंद. तेवढ्यात टीममध्ये नवी पोरं आली. उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं. त्याआधी एका तरी मॅचमध्ये गुडघा टिकला हे दिसलं नाही, तर पुढे कुठलाच क्लब त्याला घेणार नव्हता. एका दुपारी मंदारला त्याचा फोन आला. "दादा, मी परत कच्चा लिंबू. आऊट पण नाही, टीम पण नाही."

मंदार एरवी दुकानात गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. त्याला सुचलं ते एवढंच, "जेवलास का रे?"

*

आणि मग तो शनिवार! मोऱ्या पहिल्या अकरांत! संध्याकाळी आम्ही सगळे जागच्या जागी बसलो, मोबाईल टीव्हीला टेकला, तिकडे इस्त्री तापली. पहिला हाफ बरा गेला. दुसरा सुरू झाला आणि आमची वीज गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. बिर्गिटचा कॉल मोबाईलच्या नेटवर चालू राहिला, पण मंदारने त्याच्या फोनवर मॅच लावली तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

अंधारातून बिर्गिटचा आवाज आला, "ताई? काय झालं? पडला?"

आई क्षणभरही अडखळली नाही. "नाही गं! छान खेळतोय!" तिने मंदारला कोपराने ढोसलं. त्याने टॉर्च आमच्या तोंडावर धरला, आणि आम्ही बंद टीव्हीकडे टक लावून मॅच बघायला लागलो.

"आगं बया, काय पळतंय पोरगं!" शैलाकाकू.

"पास दे! पास!" मंदार.

चेहरे कमी पडायला लागले तसं आईने मलाही फ्रेममध्ये ओढलं. मी हसले. मनात मात्र एकच, की आत्ता या क्षणी तो तिकडे गुडघा धरून पडला असेल आणि मी इथे त्याच्या आईला दात दाखवतेय. मोबाईलवर नुसतं इस्त्रीचं टेबल दिसत होतं. बिर्गिट कुठेच नव्हती. तरी कुणी थांबायला तयार नाही. काकूंनी तर एक गोलसुद्धा करून टाकला!

"शैला, पुरे," मोबाईलमधून आवाज आला. मोबाईल घ्यायला तळघरात उतरून परत जिना चढल्यासारखा, धापा टाकत. "त्याला बाहेर घेतलं. आत्ताच."

आमच्या टाळ्या हवेतच राहिल्या.

"पडला का गं?" आईने हळूच विचारलं.

"नाही. स्वतःच्या पायांनी चालत गेला. सगळे लोक उभे आहेत, ताई. टाळ्या वाजवतात." मोबाईल हलला आणि बिर्गिट दिसली. तिच्या चेहऱ्यावर टीव्हीचा हिरवा उजेड होता. मागून टाळ्यांचा आवाज येत होता.

"अगं, पण तू तर कधी..."

"तुमच्याकडे अंधार झाला," बिर्गिट म्हणाली. "कुणीतरी बघायला पाहिजे ना!"