डब्यांखालचा जुलै

ही गोष्ट मी घरात सांगायला लागलो की बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवते. म्हणून या वेळी लिहूनच काढतोय. लिहिताना निदान कुणी मधे बोलत नाही.

तेव्हा मी निंबोल्याच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेत होतो. कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलांना दूर न धाडता गावातल्याच वर्गात बसवायचं, असं त्या वर्षांत नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या वाट्याला एक मुलगी आली. घरी केळीची शेती. वहीला नाक टेकल्याशिवाय तिला अक्षर दिसत नसे. जुलैत तिनं पहिला 'क' काढला तो पानभर, आणि त्याचा शेवट पान सोडून बाकावर गेला. वहीत तिचं अक्षर मावेना म्हणून नेपानगरला, कागदाच्या कारखान्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या मेहुण्याकडून मी वर्तमानपत्री कागदाचे मोठे ताव मागवले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं तारीख टाकायची, एवढं एकच काम माझ्या हातून बिनचूक होई.

अशा प्रत्येक मुलाचा पोर्टफोलिओ ठेवायचा होता. म्हणजे वर्षभराच्या कामाची फाइल, आणि शेवटी 'शिक्षक काय शिकला' हे लिहायला एक पान. मार्चमध्ये खांडव्याहून तपासणीच्या मॅडम येणार, फाइल बघणार आणि मुलगी इथंच राहील की परगावच्या निवासी शाळेत जाईल ते ठरवणार. तिचा बाप एकदा शाळेच्या फाटकाशी थांबला होता. "गुरुजी, तिची माय म्हणते, पोरगीले दूर नका धाडू."

"मी आहे ना!" मी म्हणालो. मी असलो की काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मॅडम यायला आठवडा उरला असताना हेडमास्तरांनी फाइल उघडली. सगळी पानं जानेवारी-फेब्रुवारीची, एकाहून एक सुंदर.

"ही पोरगी आली तीच असं लिहीत?"

"नाही सर. सुरुवातीची पानं फार वाईट होती. ती मी काढून टाकली."

"अरे भाई, तीच तर पाहिजेत! मॅडम विचारतील, इथं राहून ही काय शिकली? काय दाखवणार?"

प्रशिक्षणात हे सांगितलं होतं म्हणे. मी मात्र लग्नाच्या अल्बममधून स्वतःचे घामेजलेले फोटो काढून टाकणारा माणूस.

मग मी एक उपाय केला, तो सांगायला आजही लाज वाटते. मुलीला जवळ बोलावलं. "जुलैत काढायचीस ना, तसा 'क' काढ बघू. मोठा, वेडावाकडा."

तिनं माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मला नीट बघितलं. "काहून? आता मला येतो ना."

तरी मी हट्ट धरला. तिनं दोनदा काढला, दोन्ही वेळा गोल आणि ओळीत. तिसऱ्यांदा पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच काढा, गुरुजी. तुमचा वाकडाच येतो."

सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी शहरात, सिंधीपुऱ्यातल्या घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, हात पुसले आणि फळीवरचा पिठाचा डबा खाली ठेवला.

"हे घ्या तुमचं वाईट."

डब्याखाली जुलै होता. फाइलमध्ये न ठेवलेली पानं कागद वाया जाऊ नये म्हणून मीच घरी आणत होतो, आणि बायको ती फळ्यांवर अंथरत होती. हळदीखाली ऑगस्ट निघाला, तेलाच्या बरणीखाली सप्टेंबर. कागद पिवळे पडलेले, प्रत्येकावर डब्याचं गोल कडं. पण माझी लाल तारीख शाबूत.

"रोज इथूनच चहापत्तीचा डबा काढता. खाली कधी बघितलं नाही?"

आम्ही पानं जमिनीवर तारखेनं मांडली. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अक्षर पानभर भटकत होतं. मग एका आठवड्यात एकदम लहान झालं आणि ओळीत बसलं. मी खूश झालो. म्हटलं, बघ, माझ्या शिकवण्याचा परिणाम.

बायकोनं तारीख वाचली. "या आठवड्यात तुमचा घसा बसला होता. घरात किती शांत होतं, मला चांगलं आठवतंय."

जुलैपासून मी त्या मुलीला दिवसातून वीस वेळा म्हणत होतो, "सरळ बस, नाक वर घे." आवाज गेला तेव्हा ते बंद पडलं. तिनं निवांत नाक टेकवलं, तिला ओळ दिसली, ती लिहायला लागली. घसा सुटल्यावर पुन्हा "सरळ बस" म्हणायचं मी विसरूनच गेलो होतो.

शेवटच्या पानावर मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'मला संयमाचे महत्त्व कळले.' ते फाडलं आणि घशाची हकीकत जशी घडली तशी लिहिली. लिहून झाल्यावर बायकोनं वाचली. या एका पानावर तिची दुरुस्ती निघाली नाही.

मॅडमनी पानं शाळेच्या ओट्यावर ओळीनं लावली. एक उचलून वास घेतला. "ये हल्दी है क्या?"

"हो मॅडम. ऑगस्ट हळदीखाली होता."

त्यांनी माझं पान दोनदा वाचलं, मग मुलीला धडा वाचायला सांगितला. तिनं पुस्तकात नाक खुपसून न अडखळता वाचला. माझ्या ओठांवर "सरळ बस" आलंच होतं, ते गिळलं. मॅडमनी फाइलवर लिहिलं की मुलगी याच शाळेत पुढे शिकेल. उठताना म्हणाल्या, "और सर, आप थोड़ा कम बोलिए."

फाटकाशी तिचा बाप उभा होता. मी नुसती मान डोलावली. त्याला तेवढं पुरलं.

पुढच्या जुलैपासून तिचं एकही पान घरी आलं नाही; चांगलं असो की वाईट, सगळं फाइलमध्ये गेलं. फळ्यांवर वर्तमानपत्र आलं. बायको अजून ऐकवते की तेव्हापासून डब्यांखाली वाचण्यासारखं काही उरलं नाही.