पत्रिकेच्या फाइलीवरचा वाद

हळदीचं बोट लावलेली लग्नपत्रिका हातात आली, की मला शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ती दुपार आठवते. शाहूपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून मी मोबाइलवर वाद घालत होतो. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली तर बँकेचं खातं रिकामं होतं, अशी बातमी मुरगूडच्या एका शेतकरी मित्राने टाकली होती. "नुस्ती फाइल उघडून काय हुतंय? अफवा हाय," मी लिहिलं. मी या धंद्यातला, म्हणून सगळे त्यालाच हसले. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एका वर्गमैत्रिणीने विचारलं, "मी आत्ताच उघडली की. आता काय करू?" ग्रुपवर वाद तसाच चालू राहिला. मित्राने मात्र वाद सोडून तिला फोन लावला, नेट बंद करायला लावलं आणि लगेच बँकेला कळवायला सांगितलं. तिचं खातं थोडक्यात वाचलं. संध्याकाळी मी चूक कबूल केली, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. तिचा फोन तेवढा साफ करून दे." तो मी करून दिला. पण तिचा प्रश्न मी तेव्हाच वाचला होता आणि तरीही आधी मित्रालाच उत्तर लिहीत बसलो होतो, हे मी अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.