केमिस्ट्री आणि सव्वाची गाडी

कॉलेजचं टाइमटेबल प्राचार्य ठरवतात अशी पोरांची समजूत असते. प्राचार्यांचीही असते. मी आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि टाइमटेबलचं जू गेली कित्येक वर्षं माझ्याच मानेवर आहे, म्हणून सांगतो. काय शिकवायचं ते पुण्यातलं विद्यापीठ ठरवतं आणि कुणाला शिकवायचं ते एसटीचं आगार.

कॉलेज बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आहे. सुरू झालं ते एका साखर कारखान्याच्या खताच्या गोदामात. मीही तिथलाच विद्यार्थी. आमची प्रयोगशाळा पोत्यांच्या थप्पीमागे होती. वेगळी घंटा नव्हती, कारखान्याचा भोंगा झाला की तास संपायचा. गाळपाच्या दिवसांत मळीचा असा काही वास सुटायचा की वासावरून वायू ओळखायचा प्रयोग सर दिवाळीआधीच उरकून घ्यायचे. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही कारखान्याच्या कॉलनीतल्या. पुढे गावोगाव गाड्या जाऊ लागल्या आणि मुलींना पास मिळू लागले, तेव्हा कुठं वर्ग भरले. मग इमारत झाली, जिमखाना झाला, वसतिगृहही झालं, पण मुलांचं. कॉलेजच्या इतिहासात देणगीदारांचे फोटो छापतात, छापू देत बापडे. एका तरी पानावर गाड्यांच्या वेळा छापा, असं मी दर वेळी म्हणतो आणि दर वेळी सगळे हसतात.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात वरकुट्याची एक मुलगी होती. वडील डाळिंबवाले. तिनं एकदा तास संपल्यावर मला गाठून विचारलं, "सर, बोर्डो मिश्रण झालं का न्हाय ते बघायला आमचे वडील त्यात विळा बुडवत्यात. विळ्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला म्हणत्यात. ते तांबं चढतं कसं?"

मोरचूद आणि चुना कालवून डाळिंबावर फवारायचं हे औषध आमच्याकडे घरोघरी करतात. विळा सगळेच बुडवतात. तांबं कसं चढतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वर्गात तो विळा आणायचं कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा सोडला आणि ती पाव तास त्याच्यावर तांबं चढताना बघत उभी राहिली. पुढे ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, हातात आल्यावर तिचा हात पाहून मी चाट पडलो. इतरांची तीन रीडिंग तीन दिशांना जायची. हिची तिन्ही सारखी यायची, आणि ती ढापलेली नसायची.

दुसऱ्या वर्षाला एक मुख्य विषय घ्यावा लागतो. त्याला आता मेजर म्हणतात. तिनं केमिस्ट्री लिहिली. मी खूश. पण केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल दुपारी दीड ते साडेचार आणि वरकुट्याला आत जाणारी गाडी सव्वाची. संध्याकाळची होती ती बंद झालेली. इंदापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही, पण त्या निमगाव केतकीला उतरवून पुढे जातात. तिथून आत जायचं तर ही एकच. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल थोडी होती म्हणून कसंबसं निभावलं होतं.

वडील भेटायला आले. माणूस सरळ. "सर, पोरगी हुशार हाय ते मला बी कळतंय. पर सव्वाची गाडी गाठली तर ती दोनला घरात. रोज पाचला विहिरीवरची मोटर सोडून निमगावात आणायला कसा येऊ मी? लाइट तेवढ्याच वेळात असती."

"तात्या, मी बघतो काहीतरी," मी म्हणालो. हे वाक्य मास्तरानं कधी उच्चारू नये.

आधी मी प्रॅक्टिकल सकाळी घ्यायचा घाट घातला. सकाळी प्रयोगशाळेत अकरावी-बारावी असते. त्यांच्या सरांच्या हातापाया पडलो, त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. मग मी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला, प्राचार्यांची सही घेतली आणि आगारात जाऊन बसलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. जादा गाडी नव्हती आणि ती मिळणार नाही हे त्यांनी लपवलं नाही. "हाय ती गाडी उशिरा सोडता येईल. पावणेपाच चालंल?"

चालंल म्हणजे काय! मी हवेत तरंगतच परतलो. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. सगळं टाइमटेबल नव्यानं मांडलं. त्या गाडीनं आणखी कोण जातं, हे विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेला मी, आणि मला फक्त कॉलेजच्याच मुली दिसल्या.

निमगावच्या शाळेत वरकुट्याच्या लहान मुली येतात. सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. आधी थोडा वेळ थांबलं की गाडी यायची. आता त्या साडेबारापासून पाच वाजेपर्यंत स्टँडवर बसू लागल्या. डबा सकाळीच संपलेला. त्यांच्यात आमच्या या मुलीची धाकटी बहीण होती, सातवीतली.

हे मला महिन्याभरानं कळलं, तेही तिच्याकडून नाही. ती रोज साडेचारला ब्युरेट धुऊन जागेवर लावायची आणि पळत गाडी गाठायची. निमगावात खिडकीतून हाक मारून धाकटीला वर घ्यायची. एक दिवस हाक मारली तर धाकटी नव्हतीच. बसून कंटाळलेल्या तीन मुली भर उन्हात गावाकडे चालत निघाल्या होत्या, उसाच्या ट्रॉल्या धावतात त्या रस्त्यानं. ही खाली उतरली. सगळा स्टँड पालथा घातला. तोवर गाडी निघून गेली. घरी फोन लावला तर धाकटी नुकतीच पोचली होती, पायाला फोड आलेले, बाकी ठणठणीत. मग त्या दिवशी वडील मोटर सोडून हिला न्यायला आले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा मला फोन आला. गाडीची जुनी वेळ परत मिळावी म्हणून त्या आगारात कॉलेजविरुद्ध अर्ज देणार होत्या आणि आधी मला सांगत होत्या, एवढाच त्यांचा सभ्यपणा.

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. गाडी एकच होती.

शेवटी त्यांचा अर्ज जायच्या आत मीच दुसरा अर्ज केला. साहेब म्हणाले, "सर, तुमीच मागितली, तुमीच परत करताय." मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. कुणावर चिडावं हेच कळत नव्हतं, त्याचा तो राग होता.

सोमवारी ती विषयबदलाचा फॉर्म घेऊन आली. दुपारी थांबावं लागत नाही असा एकच विषय आमच्याकडे आहे, गणित. गणितात ती वाईट नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो, अजूनही सांगतो. बदलाचं कारण या रकान्यात तिनं लिहिलं होतं, वैयक्तिक अडचण.

"वैयक्तिक कसली? गाडी लिही," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

"तसं चालत न्हाय सर. ऑफिसातल्या मॅडम म्हणल्या, हेच लिहायचं असतं."

खाली विभागप्रमुखासाठी, म्हणजे माझ्यासाठी, छापलेलं होतं, शिफारस करतो / करत नाही. नको ते खोडायचं. मी पेन हातात धरून बसलो. मागे लॅबमध्ये कुणीतरी नळ सोडला होता. एक वाजून गेला होता. ती दप्तर पाठीला लावून उभी होती आणि माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"सर, जरा लवकर करा. गाडी जाईल."

मी 'करत नाही' हे शब्द खोडले आणि सही केली.