शेजारचा आवाज पकडणारा फोन

फोन ठणठणीत होता. तरी अंबक्का म्हणत होत्या, बिघडलाय.

सोलापुरात मी टेलिफोन दुरुस्तीचं काम करते. अंबक्का जुन्या गिऱ्हाईक. गुडघे गेलेले, दिवसभर पलंगावर, उशाशी जुना कॉर्डलेस. मी डायल टोन तपासला, बॅटरी तपासली. मग बिघडलंय काय, ते विचारलं.

"पद्मा ऐकू येत न्हाय," त्या म्हणाल्या.

पद्माक्का भिंतीपलीकडच्या. दोन्ही घरांत पॉवरलूम होते. शेडच्या सामाईक भिंतीवरून पुरुषांचं भांडण झालं आणि बायकांचं जाणं-येणं बंद झालं. पण दोघींकडे एकाच बनावटीचे अ‍ॅनालॉग कॉर्डलेस. त्यांचे चॅनेल मोजकेच. जवळचे दोन सेट एकाच चॅनेलवर आले की एकाचं बोलणं दुसऱ्यात शिरतं. आम्ही त्याला क्रॉसटॉक म्हणतो. अंबक्कांनी तो मला कधी काढू दिला नव्हता.

महिन्यापूर्वी पद्माक्का कुणाला तरी हृदयाच्या ऑपरेशनची तारीख सांगत होत्या, ते यांनी ऐकलं. पुढे काहीच नाही.

"बरी हाय का ती, एवढंच कळू दे मला. घरात विचारायची सोय न्हाय."

दोन्ही घरांत मीच जाते. शेजारी गेल्यावर कारण दिसलं. पद्माक्का दवाखान्यातून घरी आल्या होत्या आणि मुलानं त्यांच्या उशाशी नवा डिजिटल सेट ठेवला होता. डिजिटल हँडसेट फक्त आपल्या बेसला, म्हणजे लाइन जोडलेल्या त्याच्या बैठकीला, ओळखतो. मोकळा चॅनेल शोधून त्यावर बोलतो. मध्येच अडथळा आला तर दुसऱ्यावर सरकतो, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेजारचं काही आत येत नाही, आतलं शेजारी जात नाही.

मी काही सांगायच्या आत पद्माक्कांनी विचारलं, "तिचा खोकला थांबला का गं?"

खोकल्याबद्दल मी काही बोलले नव्हते.

क्रॉसटॉक परत आणणं माझ्या हातात नव्हतं. पण तसाच एक डिजिटल सेट अंबक्कांनी कधी लावू न दिल्यानं त्यांच्याकडे खोक्यात पडून होता. त्याचा हँडसेट पद्माक्कांच्या बेसला जोडला की दोघींना इंटरकॉमवर, म्हणजे नंबर न फिरवता आपापसात, बोलता येणार होतं. जोडण्याला रजिस्टर करणं म्हणतात. त्यासाठी बेसवरचं बटण दाबून धरावं लागतं. मी अंबक्कांकडून हँडसेट घेऊन पद्माक्कांकडे आले आणि घरच्यांना विचारायचं का, म्हटलं.

"बेस माझ्या उशाशी हाय की," म्हणत पद्माक्कांनीच बटण दाबलं. मी पिन टाकला. बीप आला.

परत जाऊन हँडसेट अंबक्कांच्या हातात दिला. मध्ये एकच भिंत, त्यामुळे रेंज पूर्ण. अंबक्कांनी इंटरकॉम लावला. पलीकडे उचलला गेला. जरा वेळानं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्यात पण आवाज न्हाय."

मी कानाला लावून पाहिला. कनेक्शन पक्कं होतं. डिजिटलमध्ये खरखर नसते. समोरचं माणूस गप्प असलं की फोन बंद पडल्यासारखा वाटतो.

"त्या आहेत तिथं," मी म्हटलं. "तुम्ही बोला."

अंबक्कांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोघींच्या घरच्या तेलुगूत विचारलं, जेवलीस का.

हल्ली 'आवाज येत नाही' अशी तक्रार आली की मी स्क्रूड्रायव्हर नंतर काढते. आधी विचारते, कुणी बोलतंय का?